जुन्या गाडीचा रेडिएटर: स्वस्त कोणता, परवडणारा कोणता?

मे महिन्यातील दुपार. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एखाद्या मोहाच्या सावलीत, बॉनेट उघडून उभी असलेली जुनी जीप किंवा ॲम्बेसेडर दिसणे ही या भागात नवलाची गोष्ट नाही. इंजिनातून वाफ निघत असते, चालक पाण्याच्या शोधात असतो आणि गाडीतली मंडळी झाडाखाली बसून वारा घेत असतात. गाडी निवते, पाणी भरले जाते, प्रवास पुढे सुरू होतो. पण गावी परतल्यावर गाडीच्या मालकासमोर प्रश्न उभा राहतो तो रेडिएटर बदलण्याचा. 'स्वस्तात कुठे मिळेल?' ही त्याची पहिली पृच्छा असते. खरे तर ती शेवटची असायला हवी. त्याआधी विचारायचे काही प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे पुण्या-मुंबईच्या गाडीमालकासाठी वेगळी, चंद्रपूर-गडचिरोलीच्या गाडीमालकासाठी वेगळी आहेत.

जुन्या गाड्यांचे प्रेम या दोन जिल्ह्यांना नवे नाही. जंगलातील कच्चे रस्ते, नाले आणि चढउतार यांमुळे येथे जीपचे राज्य दीर्घकाळ होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे याच घराण्यातील सीजे-३बी आणि तिच्या वंशजांनी वनखाते, लाकूड ठेकेदार, खाणी आणि मोठे शेतकरी अशा सर्वांकडे ठाण मांडले. शहरात ॲम्बेसेडर आणि फियाट होत्या. फियाटचीच पुढे १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' झाली. पद्मिनीचे उत्पादन नव्या सहस्रकाच्या उंबरठ्यावर थांबले, तर ॲम्बेसेडरचे उत्तरपाडा येथील उत्पादन मे २०१४ मध्ये बंद पडले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. टॅक्सींच्या मागणीवर पद्मिनीच्या सुट्या भागांचा बाजार बराचसा तगून होता. ती मागणी संपली, की भाग मिळणे दुर्मीळ होणार हे ओघानेच आले. म्हणूनच रेडिएटरची निवड आज अधिक डोळसपणे करावी लागते.

उष्णतेचे साधे गणित

पेट्रोलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचण्याऐवजी इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहते, नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांच्या पंखांवरून हवा जाते आणि पाण्यातील उष्णता ती घेऊन जाते. किती उष्णता जाईल हे प्रामुख्याने एका गोष्टीवर अवलंबून असते: पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरक.

समजा, पाणी ९० अंश सेल्सिअस आहे. पुण्यात बाहेरचे तापमान ३० अंश असेल, तर हा फरक ६० अंशांचा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांवर जातो तेव्हा तोच फरक ४३ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तेच इंजिन, तोच वेग असूनही उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तापलेली हवा थोडी विरळही असते आणि डांबरी रस्त्याच्या पृष्ठालगतची हवा तर वेधशाळेच्या आकड्यापेक्षा अधिक गरम असते. त्यामुळे प्रत्यक्षातील घट याहून मोठीच निघते.

या गणिताचा अर्थ स्पष्ट आहे. 'ही गाडी पुण्यात कधीच तापली नाही' हे विक्रेत्याचे प्रशस्तिपत्र आपल्याकडे उपयोगाचे नाही. दुसऱ्या शहरात जेमतेम पुरणारा रेडिएटर येथे अपुरा पडतो. नळ्यांपैकी पाव नळ्या चुन्याने बंद झाल्या असतील, तर हिवाळ्यात त्याची जाणीवही होत नाही; एप्रिल उजाडताच मात्र गाडी रस्त्यात उभी राहते. आपल्या हवामानात रेडिएटरला राखीव क्षमता लागते आणि स्वस्त मालात नेमकी तीच कापलेली असते.

दोष खरोखर रेडिएटरचाच आहे का?

रेडिएटरवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी दोषाची शहानिशा करावी. गाडी तापण्याची कारणे अनेक आहेत. सैल झालेला फॅन बेल्ट, पाती झिजलेला वॉटर पंप, आतून फुगून बंद झालेला होज पाइप, अडकलेला थर्मोस्टॅट, मागे पडलेले इग्निशन टायमिंग, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये साचलेला गाळ आणि फाटलेली हेड गॅस्केट ही त्यांतील नेहमीची.

यांपैकी काही गोष्टी घरच्या घरी तपासता येतात. थंड गाडीत झाकण उघडून इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सातत्याने बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. गाडी चालती असताना ठीक असते पण उभी राहिली की तापते, असे असेल तर पंखा, बेल्ट किंवा पंख्याभोवतीचे कडे तपासावे. याउलट संथ गतीत ठीक आणि महामार्गावर वेग घेतला की तापते, अशी लक्षणे असतील तर नळ्या बंद झाल्याची शक्यता अधिक. तापमान मोजणारी पिस्तुलासारखी इन्फ्रारेड उपकरणे आता सहज मिळतात. गरम इंजिन चालू असताना रेडिएटरच्या जाळीवर ती फिरवली, की ज्या भागातून पाणी वाहत नाही तो भाग थंड पट्ट्यासारखा उठून दिसतो. मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा हा पुरावा अधिक भरवशाचा.

आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून टाकणे हा जणू पहिला उपचार समजला जातो. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर तो बदलावा. तो चांगला असताना काढल्याने रेडिएटरची क्षमता काडीमात्र वाढत नाही. उलट हिवाळ्यातील पहाटे इंजिन योग्य तापमानाला येण्यास वेळ लागतो, पेट्रोल अधिक जळते आणि सिलिंडरची झीज वाढते.

चार मार्ग

दोष रेडिएटरचाच आहे अशी खात्री पटली, तर मालकासमोर साधारण चार मार्ग असतात.

पहिला मार्ग जुन्याच रेडिएटरच्या सफाईचा आणि डागडुजीचा. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात. वरची आणि खालची टाकी पितळी, नळ्या पितळी, पंख तांब्याचे आणि हे सारे कथील-शिशाच्या सोल्डरने जोडलेले. रेडिएटरचे काम जाणणारा कारागीर टाक्या सोडवतो, प्रत्येक नळीतून चपटी सळई फिरवून चुन्याचा थर काढतो आणि टाक्या पुन्हा जोडतो. नळ्यांचा धातू अद्याप शाबूत असेल आणि गळती एक-दोन ठिकाणीच असेल, तर हा सर्वांत स्वस्त मार्ग.

दुसरा मार्ग कोअर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'जाळी', बदलण्याचा. मूळच्या पितळी टाक्या, बाजूच्या पट्ट्या, गाडीला बसवण्याच्या कड्या जशाच्या तशा ठेवून मधला नळ्या-पंखांचा भाग नवा घालायचा. गाडीच्या मूळ रूपाला धक्का लागत नाही, बोल्टची छिद्रे जुळवण्याचा प्रश्न येत नाही आणि जाळी घालताना हवी तर एक रांग वाढवून घेता येते. नळ्या ठिकठिकाणी कुरतडल्या गेल्या असतील, पंख हाताने चुरगळत असतील, तर डागडुजीवर पैसे घालवण्याऐवजी थेट हा मार्ग धरावा.

तिसरा मार्ग नव्या तयार रेडिएटरचा. जीप, ॲम्बेसेडर आणि पद्मिनी यांच्यासाठी बनवलेल्या नकला सुट्या भागांच्या बाजारात मिळतात. दिल्लीचे काश्मिरी गेट हे यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. जीपच्या बाबतीत पंजाब-हरियाणाच्या सीमेवरील डबवालीचे नाव शौकिनांच्या तोंडी असते. आपल्याला जवळची मोठी बाजारपेठ नागपूरची. तेथे माल हातात घेऊन पाहता येतो आणि न जुळल्यास परत करता येतो. या सोयीची किंमत दूरच्या बाजारातील थोड्या स्वस्ताईपेक्षा अधिक आहे.

चौथा मार्ग भंगारातील किंवा दुसऱ्याच गाडीचा रेडिएटर बसवण्याचा. हा कागदावर स्वस्त दिसतो. प्रत्यक्षात कड्या वेल्ड करणे, होज पाइपांची जुळवाजुळव, पंख्यापासूनचे अंतर राखण्यासाठीची कसरत यांत मजुरी वाढत जाते. शिवाय भंगारातील रेडिएटरच्या नळ्या आतून कशा आहेत, हे टाकी सोडवल्याखेरीज कळत नाही. ज्याच्याकडे स्वतःचे कौशल्य आणि वेळ आहे, त्यानेच या वाटेला जावे.

एक सूचना सर्व मार्गांना लागू आहे. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर 'निकामी' म्हणून दुकानदाराकडे तसाच सोडून येऊ नये. तांबे आणि पितळ यांना भंगारातही चांगला भाव असतो. वजन करून ती रक्कम नव्याच्या किमतीतून वजा करून घ्यावी. किंबहुना, मूळ टाक्या चांगल्या असतील तर तो विकूच नये. उद्या जाळी बदलण्यासाठी त्याच उपयोगी पडतील.

तांबे की ॲल्युमिनियम?

हा वाद जुन्या गाड्यांच्या शौकिनांत नेहमी रंगतो. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या सुमारे पावणेदोन पट आहे. तरीही आधुनिक गाड्यांत ॲल्युमिनियम आले, याची कारणे वजन, किंमत आणि रचना ही आहेत. ॲल्युमिनियमच्या नळ्या अधिक रुंद करता येतात, पंख आणि नळी यांचा सांधा मधे सोल्डरचा थर न येता जुळतो आणि त्यामुळे चांगल्या बनावटीचा ॲल्युमिनियम रेडिएटर कार्यक्षमतेत तांब्याला हार जात नाही. बाजारातील सर्वांत स्वस्त माल मात्र बहुधा ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या प्रकारचा असतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीने निर्णायक प्रश्न दुरुस्तीचा आहे. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला भेग पडली, तर तालुक्याच्या गावातील कारागीरही ज्योत आणि कथील घेऊन अर्ध्या तासात ती बुजवू शकतो. ॲल्युमिनियमला त्यासाठी विशिष्ट वेल्डिंग लागते आणि ते करणारा माणूस प्रत्येक गावात नसतो. प्लॅस्टिकची टाकी उन्हाने आणि वयाने ठिसूळ होऊन तडकली, तर ती बहुधा बदलावीच लागते. भामरागड किंवा सिरोंच्याच्या वाटेवर, जेथे मैलोन्‌मैल गॅरेज नाही आणि मोबाइलला टॉवर मिळेलच याची शाश्वती नाही, तेथे 'दुरुस्त होऊ शकणारा' हा गुण 'हलका' आणि 'चकचकीत' या गुणांहून मोलाचा ठरतो.

ॲल्युमिनियम घ्यायचाच असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रेडिएटरच्या दुकानांत तांब्या-पितळेचे भाग स्वच्छ करण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे टाके वापरले जाते. ॲल्युमिनियम त्या सोड्यात विरघळते. म्हणून कारागिराला धातू कोणता हे आधी सांगावे. दुसरे, गाडीची विजेची अर्थिंग ढिली असेल तर कूलंटमधून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहू लागतो आणि ॲल्युमिनियमला बारीक छिद्रे पडतात. इंजिन आणि चॅसिस यांच्यातील अर्थची पट्टी घट्ट आणि गंजरहित असावी.

रांगा किती, पंख किती?

'तीन रांगांऐवजी चार रांगांचा घ्या, गाडी कधीच तापणार नाही,' असे दुकानदार सांगतो. त्यात अर्धे तथ्य आहे. पाठीमागच्या रांगांपर्यंत पोहोचणारी हवा पुढच्या रांगांनी आधीच तापवलेली असते, त्यामुळे प्रत्येक वाढीव रांगेचा लाभ आधीच्या रांगेपेक्षा कमी होत जातो. जाड जाळीतून हवा ओढण्यासाठी पंखाही तेवढा सशक्त लागतो. जंगलातील रस्त्यांवर गाडी ताशी वीस-तीस किलोमीटरने चालते. अशा वेळी समोरून येणारा वारा जवळजवळ नसतोच. सारा भार पंख्यावर असतो. पंख्याभोवती कडे नसेल, तर तीच तीच गरम हवा फिरत राहते. म्हणून चौथ्या रांगेवर पैसे घालवण्यापूर्वी हे कडे जागेवर आहे का हे पाहावे. ते पत्र्यातून करून घेणे तुलनेने फारच स्वस्त आहे.

पंखांच्या दाटीचेही तसेच. दाट पंखांचा रेडिएटर स्वच्छ हवेत उत्तम काम करतो. चंद्रपूर, घुग्घूस, बल्लारपूर परिसरातील कोळशाची भुकटी, औष्णिक केंद्राची राख, कच्च्या रस्त्यांची लाल धूळ आणि जंगलातील गवताची कुसळे यांनी मात्र दाट जाळी चटकन बुजते. थोड्या विरळ पंखांची जाळी येथे अधिक काळ मोकळी राहते आणि पाण्याच्या मंद झोताने, इंजिनाच्या बाजूकडून समोर, अशी धुता येते. गाड्या धुण्याच्या यंत्राचा जोरदार फवारा जवळून मारल्यास पंख वाकतात, हे विसरू नये.

विजेवर चालणारा पंखा जोडण्याचा मोह अनेकांना होतो. ज्या गाडीत अद्याप डायनॅमो आहे, त्या गाडीत तो जपून जोडावा. डायनॅमोची क्षमता मर्यादित असते आणि संथ गतीत, म्हणजे पंख्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच, तो सर्वांत कमी वीज देतो. आधी अल्टरनेटर, मग विजेचा पंखा, हाच क्रम योग्य.

मोजमाप: नावावर विसंबू नका

'ॲम्बेसेडरचा रेडिएटर' एवढे सांगून मागवलेला माल बसेलच असे नाही. ॲम्बेसेडरमध्ये १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, डिझेल इंजिन आणि १९९० च्या दशकातले इसुझूच्या आराखड्याचे १.८ लिटरचे इंजिन असे बदल होत गेले. जुन्या पेट्रोल जीपमध्ये तर मालकांनी काळाच्या ओघात नाना प्रकारची डिझेल इंजिने बसवली. म्हणून गाडीचे नाव दुय्यम, आत बसलेले इंजिन महत्त्वाचे. इंजिन बदलले असेल, तर रेडिएटरही त्या इंजिनाच्या गरजेचाच हवा.

मागणी नोंदवण्यापूर्वी पुढील मापे कागदावर लिहून घ्यावीत: जाळीची उंची, रुंदी आणि जाडी, वरच्या व खालच्या तोंडांचा बाहेरील व्यास आणि ती डावीकडे आहेत की उजवीकडे, बोल्टच्या छिद्रांमधील अंतर, झाकणाच्या तोंडाचा आकार आणि खोली, पाणी सोडण्याच्या तोटीची जागा, आणि पंख्याचे पाते ते जाळी यांमधील अंतर. हे शेवटचे माप बहुतेक जण विसरतात. जीप खड्ड्यात आदळली, की इंजिन त्याच्या रबरी बैठकीवर पुढे हलते आणि जाड जाळी घातलेली असेल तर पाते थेट तिला कापते. किमान एक इंच मोकळी जागा असलीच पाहिजे. जुन्या रेडिएटरची समोरून, मागून आणि बाजूने घेतलेली छायाचित्रे विक्रेत्याला पाठवल्यास निम्मे घोटाळे टळतात.

माल हाती आल्यावर तो बसवण्याआधीच तपासावा. दोन्ही तोंडे बंद करून टाकीत थोडी हवा भरावी आणि रेडिएटर पाण्यात बुडवावा. बुडबुडे आले तर सांधा कच्चा आहे. हवेचा दाब गाडीच्या झाकणावरील आकड्याहून फारसा अधिक नसावा, अन्यथा चांगला सांधाही फुटेल.

झाकणाचा दाब

रेडिएटरचे झाकण ही किरकोळ वस्तू वाटते, परंतु सारी व्यवस्था तिच्यावर अवलंबून असते. बंद व्यवस्थेत दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. ४ पौंडांच्या झाकणात तो सुमारे १०७ अंशांवर, ७ पौंडांच्या झाकणात सुमारे १११ अंशांवर, तर १५ पौंडांच्या झाकणात १२० अंशांच्या पुढे जातो. हे ऐकून १५ पौंडांचे झाकण बसवण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या आराखड्यातील सोल्डरचे सांधे, जुने होज पाइप आणि पंपाचे सील कमी दाबासाठीच बनवलेले आहेत. जास्त दाबाचे झाकण लावल्यास टाकीचा सांधा उकलतो आणि दोष नव्या रेडिएटरच्या माथी मारला जातो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच दाबाचे, पण नवे झाकण घ्यावे. एवढ्याशा खर्चाने कित्येक गाड्यांचे तापणे थांबते.

गरम गाडीचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि घाईत सर्वच जण ते विसरतात. दाब सुटताच पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती चेहऱ्यावर येते. निदान अर्धा तास थांबावे, मग जाड ओले फडके घेऊन झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे आणि दाब पूर्ण उतरू द्यावा.

पाणी, कूलंट आणि जंगल

नवा रेडिएटर दोन वर्षांत निकामी होणे आणि पंधरा वर्षे टिकणे यांतील अंतर बहुतांशी पाण्याचे असते. या भागातील अनेक बोअरवेलचे पाणी जड आहे. ते तापले की त्यातील क्षार चुन्याच्या रूपाने नळ्यांच्या आतल्या बाजूला बसतात आणि हा थर उष्णतेला अडवतो. हँडपंपाचे पाणी अडचणीच्या वेळी अवश्य भरावे, पण घरी आल्यावर ते काढून टाकावे. नेहमीच्या वापरासाठी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणीच योग्य.

आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, मग कूलंट कशाला, असा युक्तिवाद केला जातो. कूलंटचे येथील खरे काम गंज रोखण्याचे आहे. नुसते पाणी उष्णता अधिक वाहून नेते हे खरे, पण लोखंडी ब्लॉक, पितळी नळ्या आणि सोल्डर यांना ते हळूहळू खाते. म्हणून कूलंटचे प्रमाण निम्म्यापर्यंत नेण्याऐवजी सुमारे एक तृतीयांश ठेवावे. त्याने गंजापासून संरक्षण मिळते आणि उष्णता वाहून नेण्यातील घटही थोडकीच राहते. तांब्या-पितळेच्या रेडिएटरसाठी जुन्या पद्धतीच्या रसायनांचा कूलंट घ्यावा. केवळ रंगावर न जाता डब्यावरील मजकूर वाचावा आणि दोन प्रकार एकत्र मिसळू नयेत.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण आपण वनजिल्ह्यांत राहतो. बहुतेक कूलंट इथिलिन ग्लायकॉलपासून बनतात. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. रस्त्याकडेला सोडलेले हे गोडसर पाणी उन्हाळ्यात तहानलेली गुरे, कुत्री आणि वन्यप्राणी पितात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. नाल्याकाठी, पाणवठ्याजवळ किंवा गावाच्या गोठ्यालगत रेडिएटर रिकामा करणे म्हणजे विष पेरणे होय. जुने कूलंट डब्यात भरून, घट्ट झाकून, गॅरेजमध्ये परत द्यावे. घरातही ते मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच साठवू नये.

हळदीचा उपाय

लांबच्या प्रवासात रेडिएटर गळू लागला, की त्यात हळद टाकण्याचा उपाय जुने चालक सांगतात. तो खोटा नाही. हळदीचे कण पाण्याबरोबर फिरतात आणि बारीक छिद्रापाशी अडकून ते तात्पुरते बुजवतात. गाडी गावापर्यंत पोहोचते. पण तेच कण अरुंद नळ्यांतही अडकतात. म्हणून असा उपाय करून घरी आल्यावर रेडिएटर पूर्ण रिकामा करून, स्वच्छ पाण्याने उलट दिशेने धुऊन घ्यावा. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद भुकट्यांनाही हाच न्याय लागू आहे. मुक्काम गाठण्यापुरते हे उपाय चांगले. रेडिएटर बदलणे लांबणीवर टाकण्यासाठी त्यांचा वापर करू नये.

एके काळी जीपच्या पुढे कॅनव्हासची पाण्याची छागल लटकलेली असे. आज तिची जागा प्लॅस्टिकच्या कॅनने घेतली आहे. उन्हाळ्यात या भागात जुनी गाडी बाहेर काढताना दहा लिटर शुद्ध पाणी, एक जादा फॅन बेल्ट, वरचा होज पाइप, चार क्लिपा आणि स्क्रू ड्रायव्हर एवढा ऐवज बरोबर असावा. शक्यतो पहाटे निघावे आणि दुपारी बारा ते चार या वेळेत गाडीला आणि स्वतःलाही विश्रांती द्यावी.

नियमांची बाजू

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना त्यांखाली नोंदणी करता येते आणि त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. गाडी मूळ रूपात जतन केलेली असावी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा, अशी त्यातील अट आहे. रेडिएटरचा त्यात वेगळा उल्लेख नाही. तरीही नवा रेडिएटर बसवण्यासाठी पुढची पत्र्याची चौकट कापणे किंवा चॅसिसला नव्या कड्या वेल्ड करणे असे उद्योग टाळावेत, हे शहाणपणाचे. पन्नाशीकडे झुकलेल्या गाडीच्या मालकाने तर मूळच्या टाक्यांत नवी जाळी घालण्याचाच विचार आधी करावा.

हिशेब एका वर्षाचा नको

शेवटी प्रश्न पैशांचाच आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. बहुतेकांची जुनी गाडी ही वडिलांची किंवा आजोबांची आठवण असते आणि तिच्यावर खर्च करण्याला मर्यादा असते. अशा वेळी हिशेब दुकानातील पावतीचा न करता पुढील दहा उन्हाळ्यांचा करावा. स्वस्तातला नवा रेडिएटर तीन वर्षांत बदलावा लागला आणि मधल्या काळात एकदा इंजिन तापून सिलिंडर हेड वाकले, तर त्याची दुरुस्ती कित्येक रेडिएटरच्या किमतीएवढी होते. याउलट मूळच्या पितळी टाक्यांत बसवलेली चांगली तांब्याची जाळी, योग्य दाबाचे झाकण, पंख्याचे कडे आणि शुद्ध पाणी एवढ्यावर गाडी अनेक उन्हाळे निभावून नेते.

म्हणून क्रम असा असावा. आधी दोष शोधावा, मग झाकण, बेल्ट आणि होज पाइप बदलावेत, मग जुन्याची सफाई करून पाहावी. तेवढ्याने भागले नाही, तर मूळ टाक्यांत नवी तांब्याची जाळी घालावी. तीही शक्य नसेल, तरच नव्या तयार रेडिएटरकडे वळावे आणि तो मापे घेऊन, पाण्यात बुडवून, पारखूनच घ्यावा. काम मात्र मार्चअखेरपर्यंत उरकावे. मे महिन्यात रेडिएटरच्या दुकानासमोर रांग लागलेली असते आणि घाईत केलेली खरेदी सहसा स्वस्त पडत नाही.